तुम्हाला कसली मंदी?

"दारू गाळायला आणलीस का गं?"

साहेबाने टोपलीतला भाजलेला मोहा बोटाने उलटापालटा केला आणि व्हरांड्यातल्या पाहुण्यांकडे बघून हसला. पाहुणेही हसले. माय पायरीखाली उभी. काय चुकलं ते तिला कळेना, म्हणून तीही थोडी हसली. तिचं ते हसणं मला आजही सहन होत नाही.

आमच्याकडे हंगामाचा पहिला मोहा विकत नाहीत. वेचायचा, वाळवायचा, भाजायचा आणि आपल्या माणसांच्या घरी द्यायचा. मायने साहेबाला आपलं माणूस धरलं. चूक झाली ती एवढीच. बाबाने कितीतरी हंगाम त्याच्या कागद कारखान्यासाठी गडचिरोलीच्या पहाडात बांबू तोडला होता.

ऐंशीनंतरची वर्षं. कारखाना जोरात होता तेव्हा कॉलनीत क्वार्टर वाढले, शाळा आली, रस्त्यावर दिवे आले. राहणारे सगळे पुण्या-मुंबईकडचे, फार तर नागपूरचे. बांबू आमच्या गावावरून जायचा आणि गावात कंदीलच. मग मंदी आली. कागद उठत नाही म्हणाले. कॉलनीतल्या एकाचीही नोकरी गेली नाही. भर हंगामात आमची बांबूतोड मात्र बंद. भरभराट आली तेव्हा आम्हाला कोणी विचारलं नाही, आणि मंदी सरळ आमच्या चुलीत येऊन बसली.

"साहेब, हिच्या बापाले कामावर घ्या जी," माय म्हणाली. "घरी दाना नाई."

"अगं, मंदी आम्हाला. तुम्हाला कसली मंदी? जंगल आहे ना, वेचा आणि खा."

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती.

"हिला ठेव इथं धुण्याभांड्याला. दोन वेळचं जेवेल. तोड सुरू झाली की बघू तुझ्या नवऱ्याचं."

माय माझ्याकडे बघत राहिली. तिच्या मनात नव्हतं, मला माहीत आहे. तरी तिची मान होकाराकडे झुकायला लागली.

"मी नाई राह्यत इथी," मी म्हणाले. "जंगल आमचं म्हन्ता, तं बांबू काऊन नेता?"

साहेबाने टोपलीकडे बोट केलं.

"उचल ते, आणि चालते व्हा."

वाटेत माय एकच बोलली. "तुह्या तोंडानं तुह्या बापाचं काम गेलं."

बाबा मिरची तोडायला आंध्रात गेला. तिथं तापाने गेला. परक्या भाषेच्या माणसांनी त्याला माती दिली. आम्हाला कळलं तेव्हा पंधरा दिवस झाले होते. माझ्या तोंडाने बाबा गेला का? वर्षभर मी स्वतःला हेच विचारत राहिले. रडत राहिले. शेवटी कळलं, मी गप्प बसले असते तरी तोड बंदच राहिली असती, बाबाचं काम परत मिळणार नव्हतं. वर मीही त्यांची मोलकरीण झाले असते.

पुढं कागद पुन्हा खपायला लागला. कारखान्याचा माणूस गावात आला, उद्यापासून तोडीला चला म्हणाला. मी दहा-बारा बाया घेतल्या आणि ट्रकच्या रस्त्यात बसले आहे. मंदी आली तरी आमचं काम बंद होणार नाही, असं लिहून द्या. तोवर एक बांबू हलणार नाही.

माय आली नाही. बाबाच्या जाण्याचा दोष ती अजून मलाच देते. देऊ दे. लिहून मिळेपर्यंत मी उठणार नाही.