सड्यावरचं पाणी

चंदगडच्या डोंगरावरचं ते पाणी मी बुजवलं. डोझर दुसऱ्याने चालवला, पण इशारा माझा होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, पुढे त्याबद्दल मी खोटं बोललो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. बॉक्साइटच्या उघड्या खाणीतला माल काढून झाला होता आणि त्या हिवाळ्यात खड्डे भरून जमीन पूर्ववत करायचं काम निघालं होतं. पाहणी माझ्याकडे आली. स्वतंत्र जबाबदारीचं माझं पहिलंच काम. कसबा बावड्यातल्या घरून निघताना मी आईला ऐटीत म्हणालो, "डोंगर परत बांधायला चाललोय." ती म्हणाली, "बांध बाबा, पण आधी कानाला मफलर बांध."

मफलर खरंच लागला. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या त्या सपाट पठारावर, सकाळी धुक्यात डोझरचा नुसता आवाज यायचा. ऊन वर आलं की एकदम सगळं दिसायचं: लालभडक खड्डे आणि कडेला राखून ठेवलेल्या मातीचे ढीग. खाली दगड-मुरूम, त्यावर ती माती, त्यावर गवताचं बी. मी एका खड्ड्यावरून दुसऱ्यावर अक्षरशः पळत होतो. उतार बघायचा, काठी खुपसून मातीचा थर तपासायचा. काल खाई होती तिथे आज सपाट जमीन दिसली की शीळ घालावीशी वाटायची.

"सायेब, बघा की," डोझरवाला वरून ओरडायचा, "कॅरम खेळाय बसा हितं!"

अशात जवळच्या धनगरवाड्यावरची एक बाई चार म्हशी घेऊन आली. टोकाच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठलं होतं. म्हशी सरळ त्यात उतरल्या.

"ओ पावणं, ह्यो बी बुजवणार व्हय?"

"सगळेच बुजवायचे, मावशी."

"मग म्हशींनी काय तुमची माती चाटायची? उन्हाळ्यात वर पाणी न्हाय. खाली वड्यातनं डोक्यावर आणाय लागतंय. तेवढा एक ऱ्हाऊ दे की."

तो ठेवणं माझ्या हातात होतं. काठ उतरता केला की झालं. "राहील," मी म्हणालो. "शब्द देतो."

भोवती चुन्याच्या फक्कीची रेघ ओढली असती तर डोझरवाल्याला कळलं असतं. पण मी उत्साहात धावत राहिलो आणि रेघ उद्यावर गेली.

डोझर तिथे पोचला तेव्हा मी समोरच होतो. मागे अख्खा सडा एकसारखा, जणू त्याला कधी कुणी हात लावलाच नव्हता. डोझरवाल्याने थांबून हातानेच विचारलं, काय करू? मला शब्द आठवला. पण एवढं एकच भोक उरणार, हेही दिसलं. मी हात हलवला: घाल. माती पाण्यात पडली तेव्हा, खरं सांगतो, मला आनंद झाला.

पुढच्या हिवाळ्यात गवत बघायला गेलो. गुडघाभर आलेलं! मी त्यात वेड्यासारखा फिरत होतो, तोच ती दिसली. मागे दोनच म्हशी.

"दोन लेकीकडं धाडल्या," ती म्हणाली. "घागरी तरी किती व्हायच्या? तुमी तर ठेवतो म्हनला हुतासा."

"वरून ऑर्डर आली, मावशी."

तिने लगेच खरं मानलं. "व्हय की, तुमचं तरी काय चालतंय," म्हणाली आणि मलाच ताक प्यायला घरी घेऊन गेली. मी ते प्यायलो.

पुढे कुठेही पाहणीला गेलो की भरलेली जमीन बघून अंगात तसाच उत्साह संचारायचा, आणि पाठोपाठ ते ताक आठवायचं. अखेर काही वर्षांनी रजा काढून चंदगडची एसटी धरली. भीती होतीच, पण आता बोलून मोकळं व्हायची विलक्षण घाईही होती.

ती अंगणात शेणी थापत होती. तिने ओळखलं. "बसा की पावणं, चा ठेवते."

मी बसलो नाही. "मावशी, वरून कुठलीच ऑर्डर नव्हती. डोझर थांबला होता, मीच बुजव म्हणून सांगितलं. जमीन देखणी दिसावी म्हणून. आणि वर तुमच्याशी खोटं बोललो. माझं चुकलं. मला माफ करा."