धुरांडं आमचं नाई

सर्व नागरिक, पैपाहुणे आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्या यांना कळविण्यात गंभीर आनंद होत आहे की, सेलूतल्या आमच्या गल्लीमागच्या तेलगिरणीने धूर सोडणे कायमचे बंद केले आहे. आकाशात जे काळे दिसते, तो ज्याने त्याने आपल्या डोळ्यांचा दोष समजावा.

हसू नका. जवळजवळ हेच मला माइकवर वाचायला दिलं होतं. आमच्याकडे लग्न असो की सत्कार, सूत्रसंचालनाला मीच. यंदाच्या उन्हाळ्यात गिरणीच्या मालकांनी बोलावलं. त्यांचं तेल घेणाऱ्या मोठ्या कंपनीने विचारलं होतं, तुमच्याकडून हवेत किती कार्बन जातो, तो कमी कसा करणार, ते जाहीर करा. पाहणीला नागपूरहून एक बाई येणार होत्या. अहवाल तयार होता: गिरणीत आता कोळसा जळतच नाही!

केलं काय होतं? बॉयलर आणि धुरांडं मालकांच्या सख्ख्या साळ्याच्या नावावर. मध्ये कमरेएवढी भिंत. साळा तोच कोळसा जाळतो आणि वाफ भिंतीवरून नळीने परत येते. वाफ गिरणीची, धूर साळ्याचा. हे कळलं आणि माझं डोकं फिरलं. अरे, भिंत बांधायला सुचतं, धूर कमी करायला नाही सुचत?

आणि तो धूर उतरायचा कुठे, तर माझ्या शेजारच्या काकूंच्या गच्चीवर. काकू कुरड्या करून विकतात. पहाटे गव्हाचा चीक शिजवून पांढऱ्या धोतरावर घातलेल्या कुरड्या संध्याकाळी काजळीच्या ठिपक्यांनी भरलेल्या. दुकानदाराने बजावलं होतं, आणखी एकदा असा माल आला तर घेणंच बंद. काकू गिरणीच्या फाटकावर गेल्या.

"धुरांडं आमचं नाई, काकू," मालक म्हणाले. "पलीकडं विचारा."

पलीकडे साळा म्हणाला, "मी तं वाफ विकतो. मालकायले विचारा."

काकू भिंतीच्या या बाजूने त्या बाजूला फिरून रडकुंडीला आल्या. मी म्हटलं, "काकू, कार्यक्रमाले येजा. ठिपक्यांच्या कुरड्यायची परात घेऊन येजा."

गिरणीच्या आवारात मांडव होता. काकूंना मी थेट पहिल्या रांगेत बसवलं आणि ते निवेदन इतक्या भरल्या गळ्याने वाचलं की दोघांनी डोळे पुसले. बाई मात्र कोरड्याच. त्यांनी विचारलं, "मग वाफ येते कुठून?"

"विकत घेतो, मॅडम. धुरांडं आमचं नाई."

"विकतच्या वाफेचा धूरही अहवालात दाखवावा लागतो."

तेवढ्यात काकू उठल्या आणि परात बाईंच्या पुढ्यात ठेवली. "हे पाहा, मॅडम. या ठिपक्यायले कोनाच्या नावावर करू?"

उत्तर सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मी अदबीने माइक मालकांच्या तोंडासमोर धरला. नेमका तेव्हाच पलीकडे कोळसा टाकला गेला. धुरांडं खोकल्यासारखं धडधडलं आणि काळा लोट मांडवावर उतरला. बाईंच्या पांढऱ्या ओढणीवर काजळी बसताना पाहून मालक भिंतीकडे वळून ओरडले. चारही भोंग्यांतून, गल्लीपासून बाजारापर्यंत ऐकू गेलं:

"अबे, आपलं बॉयलर बंद करा ना बे!"