मशीन चालूच ऱ्हाऊ दे

उंब्रजपास्नं इस्लामपूरपतूर माज्यागत लाकडात खाचा मारायचं राउटर मशीन धरनारा गडी तुमाला गावायचा न्हाई. म्हंजे चालवायचं तात्या मिस्त्री. मी नुसती त्याची वायर धरून हुबा ऱ्हायचो.

कपाटात खिळा मारलेला तात्यांना खपायचा न्हाई. हुब्या फळीत राउटरनं सरळ खाच मारायची आन् आडवी फळी तिच्यात मुठीनं ठोकून बसवायची. म्हनायचं, "फळीनं नव्या नवरीगत आत जावं. जरा कुरकुरत, पर जावं."

"माजी तर अजून कुरकुरतीया, तात्या."

"मंग खाचच वाकडी आसंल, लेका."

तात्यांची बायको मागंच गेलेली. घरात पोरगी मंगल आन् हे, दोघंच. मंगलचं इस्लामपूरला जमलं, तवा तिला द्यायला तात्यांनी सागवानी कपाट करायला घेतलं. आन् नेमकं त्येंचं हात कापाय लागलं. डाक्टर म्हनला, हे वाढतच जानार.

"मंगलला कळलं तर ती लगीन मोडंल, माज्यापाशीच बसंल," तात्या मला म्हनलं. "तुज्या तोंडातनं भाईर पडलं तर बघ, बाळ्या."

तवापास्नं ती शेडात आली की तात्या मशीन चालू करायचं. म्होरं लाकूड न्हाई, काय न्हाई. दोन्ही हातांनी नुसतं धरून हुबं. मशीन थरथरतंय का हात, कुनाला कळतंय? ती वरडायची, "बाबा, च्या आनलाय, बंद करा की!" हे नुसती मान हालवायचं. मी भुसा डोक्यावर घिऊन नाचायचो, तिला हसवायचो. वाटायचं, काय झ्याक नाटक करतोय गड्या!

खाचा मारायची येळ आली तवा मशीन माज्या हातात आलं. त्येंचं हात माज्या हातावर. आडवी पट्टी बांधून तिच्या कडंनं जायचं हुतं. मी भ्यालो, मशीन माज्याकडं वडलं. ते पट्टी सोडून तिरकं पळालं, खाच फाकली. तात्या शिव्या देतील म्हनून मी डोळं मिटलं.

"भ्यालं की मानूस आपल्याकडं वडतंय रं," तात्या हळूच म्हनलं. "हे पुढं ढकलायचं असतंय."

मंग दोघांनी मिळून ढकललं. खाच सरळ गेली. बघतोय तर तात्यांचं डोळं भरल्यालं.

"भुसा गेला व्हय?"

"व्हय," म्हनलं. डोळ्याला चष्मा हुता.

मंगल गेली, टेंपोतनं कपाट गेलं. तात्या हात पाठीमागं बांधून हुबं ऱ्हायलं. कपाटाच्या पालिशचा वास गेला नसंल, तवर एका सकाळी तात्या उठलंच न्हाईत.

दहाव्याला मला ऱ्हावलं न्हाई. मंगलपाशी बसलो आन् रडत समदं सांगून टाकलं.

ती म्हनली, "मला म्हाईत हुतं, काका. त्येंच्या हातनं सांडू नये म्हनून कप अर्धाच भरत हुते की मी."

"आन् तरी गेलीस?"

"ऱ्हायले असते तर मला कळलंय हे त्येंना कळलं असतं." तिनं पदरानं नाक पुसलं.

मला हुंदका आवरंना. "आगं, पर मी कुनापाशी चकार शब्द काढला न्हवता!"

"आता तरी गप बसा, काका. तुमाला कुठं काय लपवता येतंय? तुमचं तोंड बघूनच तर कळलं मला."