छातीत कळ आली तर

आमच्या बाई कुणाशीही बोलताना आधी त्याचं मनगट धरत. मग दोन बोटं नाडीवर ठेवून म्हणत, "बोल आता. आन् चहा कमी कर." एवढं शिकूनही चंदगडकडची माणसं बोलतात तसं बोलणं त्यांनी सोडलं नव्हतं.

कोल्हापुरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात त्या औषधशास्त्र शिकवत आणि मी त्यांच्या हाताखाली होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेत उंदराचं हृदय काचेच्या नळीला बांधून, कोमट द्रवावर धडधडत ठेवलेलं असे. बाई तो प्रवाह तोडत आणि पुन्हा सोडत. रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं, त्यानं त्या सैल पडतात. हा वायू वेळेवर मिळाला तर प्रवाह तुटल्यावरही हृदयाचा किती भाग वाचेल, हा त्यांचा ध्यास. मध्येच वीज जाई, द्रव गार होई, हृदय थांबे. बाई चिडत नसत. "त्येनं त्येचं काम केलं," म्हणत आणि भांडी धुवायला घेत.

एका श्रावणात गावाकडं त्यांच्या थोरल्या भावाच्या छातीत कळ आली. पित्त असेल म्हणून तो ओवा खाऊन पडला. दुपारी वहिनींनी त्याला एस.टी.त बसवलं. तो कोल्हापूरला पोचलाच नाही.

"गडहिंग्लजपातूर बोलत हुते की वो," वहिनी पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

बाई तेराव्यानंतर कामावर आल्या. म्हणाल्या, "उंदरांचं सगळं कळतंय मला. घरात मातर कधी सांगितलं न्हाय, छातीत दुखलं तर काय करायचं."

त्यानंतर प्रत्येक रविवारी त्या चंदगड तालुक्यातल्या एखाद्या गावात जात. मीही एकदा गेलो. देवळात माणसं हाताची घडी घालून बसली होती.

"पावणं, छाती आवळली, घाम फुटला, तर पित्त म्हणायचं न्हाय. डॉक्टरनं गोळी दिली आसंल तर खाली बसून जिभंखाली धरायची. आन् एस.टी.ची वाट बघायची न्हाय. मिळंल त्या गाडीनं दवाखाना गाठायचा."

"गोळीनं काय हुतंय?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"रगताची नळी सैल हुती. जरा दम मिळतो."

"मग बरं हुतंय?"

"तसं न्हाय सांगत मी. दवाखान्यात जावंच लागतंय."

त्या गोळीतून अंगात त्यांच्या प्रयोगांतला तोच वायू तयार होतो, हे त्यांनी तिथं सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी बाई कर्करोगानं गेल्या. त्यांच्या घरासमोर आम्ही उभे होतो, तेव्हा धोतर नेसलेला एक अनोळखी माणूस आला.

"बाईंचे नातेवाईक का?" मी विचारलं.

"न्हाय. त्यांच्या सभंला बसलो हुतो एकदा. फुडं माझ्याच छातीत कळ आली. दुधाच्या टेंपोतनं दवाखान्यात आणलं मला पोरांनी."

मग चपला काढून तो आत गेला.