हातभर नळीचा गुन्हा

परभणी जिल्ह्यात कायद्याला भिणारी माणसं पुष्कळ असतील, पण कायद्यावर पोटच्या पोरासारखी माया करणारा माणूस एकच होता, आणि तो बोरीला माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचा. आम्ही दोघं एकाच शाळेत शिकवायचो. सर कुठलाही छापील फॉर्म शेवटच्या बारीक अक्षरातल्या ओळीपर्यंत वाचायचे आणि मगच सही करायचे. एकदा परभणीहून येताना एसटी इतकी खच्चून भरली होती, की कंडक्टर त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. बोरी आली तरी सर उतरेनात. "बिनतिकिटाचं कसं उतरावं?" म्हणून तसेच जिंतूरला गेले, कंडक्टरला गाठून तिकीट काढलं आणि पुन्हा तिकीट काढून परत आले. घरी सगळे जेवायचे थांबले होते. पुढं त्यांनी एक जुनी मोटार घेतली. मागं फक्त एक बैलगाडी असली, तरी वळताना ते हात बाहेर काढून इशारा द्यायचे. आम्ही शिक्षक मंडळी हे किस्से तिखटमीठ लावून सांगायचो.

त्या मोटारीनंच घात केला. इंजिनातला धूर बाहेर न सोडता पुन्हा इंजिनातच फिरवणारी एक हातभर रबरी नळी होती. मिस्त्रीनं ती काढून सरांच्या हातात दिली. "बिनकामाची हाय सर ही. आता बघा गाडी कशी मोकळी पळती." गाडी पळाली. पण मोटार कायदा नवा आला होता, आणि सरांनी त्याचं मराठी पुस्तक आणून ते पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. आठवड्याभरात ते माझ्या दारात उभे. तोंड उतरलेलं.

"धूर आवरायचं सामान काढलं की दंड हाय. गाडीची नोंदणीबी जाऊ शकती. मी गुन्हेगार झालो."

मला हसू आवरेना. म्हटलं, "नळी बसवून टाका. कुणाला कळतंय?"

"मला कळालंय की." ते बाजेवर टेकले. "पुढल्या महिन्यात माझी साक्ष हाय."

माझं हसू तिथंच थांबलं. बारा वर्षांपूर्वी नामांतराच्या दंगलीत सरांच्या मूळ गावी त्यांची वस्ती जाळली गेली होती. खटला अजून चालू होता, आणि नावं घेऊन सांगायला तयार असलेले साक्षीदार म्हणजे एकटे सर.

"आरोपींचा वकील पहिलं हेच इचारील, तुमच्यावर कधी काही गुन्हा? खोटं मी बोलणार न्हाई. अन् खरं बोललो तर माझी साक्ष कोण धरंल?"

दुसऱ्या दिवशी नळी बसवून आम्ही परभणीला परिवहन कचेरीत गेलो. सरांनी गुन्हा कबूल करणारा दोन पानी अर्ज पुढं केला. साहेबांनी तो दोनदा वाचला, बाहेर येऊन बॉनेट उघडलं, गाडी चालू करून मागं वाकून पाहिलं.

"गुरुजी, नळी जागेवर आहे, धूर नाही. खटला नाही, काही नाही. दंड कशाचा लावू?"

"म्हणजे माझ्यावर गुन्हा नाही?"

"नाही."

"तेवढं लिहून द्या साहेब."

साहेब हसले, पण त्यांनी 'वाहन नियमानुसार योग्य आढळले' असं अर्जावर लिहून शिक्का मारून दिला. मला इतकं हायसं वाटलं की समोरच्या हॉटेलात मी दोन प्लेट भजी एकट्यानं संपवली.

साक्षीच्या दिवशी मी कोर्टात मागच्या बाकावर होतो. वकिलानं तो प्रश्न विचारलाच. सर ताठ उभे राहून म्हणाले, "नाही. एकही नाही." पुढं नावं सांगताना त्यांचा आवाज कुठंच अडखळला नाही.

बाहेर येऊन ते लिंबाखाली बसले. मग अगदी मोकळं हसले.

"सुटलो बघा. घरं आमची जळाली, साक्षीदार मी, अन् बारा वर्सं आरोपीवानी मीच जपून राहायलोय. कुणाला बोट ठेवायला जागा नको म्हणून."

ती बारा वर्षं त्यांना हसणाऱ्यांत सगळ्यात पुढं मीच होतो.