डोंगरापलीकडचे व्याही

आमचे हे, म्हणजे सहदेव, तसे साधे गृहस्थ. पवईला एका कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं फिटर होते. कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. शेजाऱ्याने गाडी घेतली तर हे स्वतः जाऊन गाडीला हार घालणार. धाकट्या भावाने गावाला स्लॅबचं घर बांधलं, तेव्हा रजा टाकून पंधरा दिवस राबून आले. ह्या माणसाला हेवा म्हणून माहीत नाही, असं मी चारचौघांत अभिमानाने सांगत असे. मग आमच्या रुचिराचं लग्न झालं आणि तिचे सासरे, श्यामकांतराव, आमच्या घरात शिरले. माणूस क्वचितच यायचा, पण नाव रोज यायचं.

आम्ही राहतो नाहूरला आणि रुचिरा दिली बोरिवलीला. मध्ये डोंगर. सरळ रेघ मारली तर किती जवळ, पण जायचं म्हणजे पवईवरून जोगेश्वरी गाठा, मग हायवेला लागा, आणि मग देवाचं नाव घेत बसा. कधी पावणेदोन तास, कधी अडीच. लग्न ठरत होतं तेव्हाच हे कुरकुरले होते, "मुलुंड-भांडुपातली मुलं संपली काय?" पण सुयोग तिच्या ऑफिसातला, तिने स्वतः पसंत केलेला. शिवाय सुपारीच्या दिवशीच श्यामकांतरावांनी बातमी आणली, की डोंगराच्या पोटातून नवा रस्ता मंजूर झाला आहे. म्हणाले, "सहदेवराव, तीन वर्षांत आपण वीस मिनिटांवर येतो बघा." ह्यांनी लगेच दुसरा पेढा उचलला. त्या तीन वर्षांची पुढे सहा झाली.

व्याही माणूस चांगला, हीच सगळी अडचण होती. वाईट सासऱ्यावर मुलीच्या बापाला उघड रागावता तरी येतं. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, बायको कधीच गेलेली, आवाज कधी वर चढणार नाही, सुनेला ऑफिसातून यायला उशीर झाला तर स्वतः कुकर लावणार. त्यांच्यात खोट काढायची म्हणजे काढायची तरी कुठून? ह्यांनी पुष्कळ प्रयत्न केले.

रुचिराचा फोन आला की हे स्पीकर लावून बसायचे आणि एका हाताची बोटं मिटत जायचे. मला आधी कळेना हे काय चाललंय. फोन संपल्यावर म्हणाले, "नऊ वेळा."

"काय नऊ वेळा?"

"बाबा म्हणाले, बाबांनी आणलं, बाबांना आवडलं. अर्ध्या तासात नऊ वेळा." मग मिटलेली बोटं सोडत म्हणाले, "मला पप्पा म्हणते आणि त्यांना बाबा. बाबा जास्त जवळचं वाटतं ना गं?"

मी म्हटलं, "अहो, सुयोग बाबा म्हणतो म्हणून ती म्हणते. आणि लेक म्हणजे परक्याचं धन, हे तिच्या लग्नात तुम्हीच सगळ्यांना ऐकवत होता."

"परक्याचं म्हणजे जावयाचं. त्याच्या बापाचं नाही."

सगळ्यात मोठा घाव गाडीचा. व्याह्यांनी रुचिराला गाडी चालवायला शिकवली. तिने फोटो पाठवला, स्वतः स्टिअरिंगवर आणि शेजारी श्यामकांतराव, दोघांचे दात दिसतायत. आता ह्याच पोरीने कॉलेजात असताना ह्यांची स्कूटर मागितली होती. पडशील, हातपाय मोडून घेशील, उद्या लग्न कोण करणार, असं काय काय बोलून ह्यांनी चावी पाकिटात घातली होती. ते ह्यांनाही आठवलं असणार, कारण दोन दिवस घरात शब्द नाही. तिसऱ्या दिवशी फोटो मोठा करून माझ्या नाकासमोर धरला.

"बघ. सीटबेल्ट नीट लावलेला नाही त्यांनी. हा माणूस शिकवणार."

मी हसले. पण आता लिहायलाच बसले आहे तर खरं सांगते, मी काही वेगळ्या मातीची नाही. एकदा रुचिरा फोनवर म्हणाली, "आई, बाबा कुळथाची पिठी काय करतात गं, झकास." पिठी माझी. माझ्या आईची, आजीची. लग्नाआधी दहा वेळा म्हटलं असेल, शिकून घे, तेव्हा नाकं मुरडली. मी बरं बरं म्हणून फोन ठेवला, आणि त्या दिवशी मी केलेली पिठी खारट झाली. ह्यांनी मुकाट्याने खाल्ली. माझा जळफळाट मी ह्यांना दाखवला नाही, कारण घरात एकाने तरी शहाणं असावं लागतं.

इकडे रस्ता आमच्या खिडकीतून दिसेल असा वाढत होता. खांब आले, खांबांवर गर्डर आले, धुळीने पडदे दर आठवड्याला धुवावे लागले, पण ह्यांनी कधी तक्रार केली नाही. रोज सकाळी चालायला म्हणून निघायचे ते थेट रस्त्याच्या कामावर. फिटरचा डोळा. तिथल्या इंजिनिअरला सांगायचे, हा सांधा उचललाय, गाडी इथे आपटणार. त्या बिचाऱ्याने दोनदा ऐकून घेतलं आणि तिसऱ्यांदा ह्यांना लांबूनच बघून हेल्मेट घालून दुसरीकडे गेला.

मागच्या दिवाळीला रस्ता पूर्ण झाला. पट्टे मारले, दिवे लागले, बोर्ड लागले. सुरू मात्र झाला नाही. उद्घाटनाला कुणाची तरी तारीख मिळत नव्हती. दोनदा मांडव घातला आणि दोनदा सोडला. तोवर सगळं नाहूर त्या रस्त्यावर लोटलं. सकाळी म्हातारे चालायचे, संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळायची, बायका स्कूटर शिकायच्या. जुन्या गावठाणातले अर्बन नावाचे गृहस्थ ह्यांचे चालायचे सोबती. ते म्हणायचे, "सहदेव, रस्ता तयार आहे रे. फक्त कात्री नाय मिळत त्यांना."

अर्बन निम्म्यातून परत फिरायचे. हे मात्र थेट बोगद्याच्या तोंडापर्यंत जायचे. तिथे आडवे पत्रे लावलेले, एक वॉचमन बसलेला. एकदा मीही सोबत गेले होते. आतून गार वारा येत होता आणि हे पत्र्याच्या फटीला डोळा लावून उभे होते. वॉचमन म्हणाला, "रोज काय बघता काका? पलीकडे काय आहे?"

"माझी पोर आहे," हे म्हणाले.

तो हसला नाही, हे मला आवडलं. हे परत फिरले ते चिडूनच, आणि चिडले की ह्यांची मालवणी बाहेर येते. "ह्यो रस्तो काय मी मेल्यार उघडतलो?"

त्याच दिवसांत रुचिराचं येणं अगदी कमी झालं होतं. पूर्वी महिन्याला एक खेप व्हायची, मग आठ महिन्यांत एकच, तीही तीन तासांची. आम्ही येतो म्हटलं की म्हणायची, "नको ना, एवढ्या ट्रॅफिकमध्ये कशाला? रस्ता सुरू होऊ दे, पप्पा, मग बघा, सारखी येईन." हे त्या वाक्यावर जगत होते. तिच्या खोलीची खिडकी घासून नीट सरकती केली, नवी गादी आणली, शनिवार तिचा म्हणून ठरवून टाकला. मी म्हटलं, "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी." तर म्हणाले, "तू गप. एकदा रस्ता होऊ दे, मग बाबा काय म्हणतात ते बघतो."

आणि एका रविवारी कात्री मिळाली. बँड वाजला, फुगे सोडले, दुपारी गाड्या सुरू झाल्या. हे खिडकीत खुर्ची टाकून बसले आणि बोगद्याकडून येणारी एकेक गाडी बघत राहिले. संध्याकाळी रुचिराचा फोन आला.

"पप्पा, उद्या दुपारी येतोय आम्ही. आणि आता आठवड्यातून तीनदा येणार."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. फोन ठेवून हे माझ्याकडे बघून एवढे हसले की मला त्यांचं लग्नातलं तोंड आठवलं. 'आम्ही' हा शब्द मी ऐकला होता, पण मी काही बोलले नाही.

सोमवारी हे दोन वाजल्यापासून गेटवर. मीही खाली गेले. तीनला पांढरी गाडी वळली, रुचिरा चालवत होती, आणि शेजारी श्यामकांतराव. ह्यांचा चेहरा पडला तो मी पाहिला. मग व्याही गाडीतून उतरले आणि माझाच पडला. माणूस अर्धा झाला होता. रंग काळवंडलेला, हाताला पट्टी, उतरताना दाराला धरून थांबावं लागलं.

रुचिराने जिन्यातच सगळं सांगून टाकलं. आठ महिने झाले, बाबांच्या किडन्या काम करत नाहीत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. बोरिवलीत रात्रीचीच पाळी मिळत होती, सुयोग निम्मा महिना बाहेरगावी, मग तीच रात्रभर बाकावर बसायची आणि सकाळी ऑफिसच्या कामाला लागायची. आता मुलुंडच्या एका ट्रस्टच्या सेंटरला दिवसाची पाळी मिळाली होती. नवा रस्ता झाला म्हणून जमणार होतं. आज पहिली पाळी करूनच ते आले होते.

"आम्हाला सांगितलं का नाहीस गं?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर पप्पा रोज दोन-दोन तास धक्के खात आले असते. मग त्यांचं बीपी बघू मी का बाबांना?"

म्हणजे आठ महिने आडवा आला तो रस्ता नव्हताच. ह्यांनी व्याह्यांना हात देऊन वर आणलं, दिवाणावर उशी दिली, पाणी दिलं, सगळं रीतसर. पण मी ह्यांना सदतीस वर्षं ओळखते. त्यांच्या डोळ्यांत दयाही होती आणि तिच्याखाली ते जुनं जळणंही होतं. ह्या माणसाने आजारपणातही बाजी मारली, आपली पोर रात्र रात्र ह्याच्यासाठी जागली आणि आपण फटीतून बोगदा बघत बसलो, असं काहीतरी. हे मनात येतंय याची लाजही त्यांना वाटत होती, कारण व्याह्यांच्या नजरेला नजर देत नव्हते.

रुचिरा म्हणाली, पाच मिनिटं पडते, आणि आपल्या खोलीत जाऊन नव्या गादीवर जी आडवी झाली ती झोपलीच. मी स्वयंपाकघरात चहा ठेवला. तिथून बाहेरची खोलीही दिसते आणि तिचं दारही. हे तिच्या खोलीत गेले आणि पंखा पाचवर केला.

"सहदेवराव," श्यामकांतराव अगदी हळू म्हणाले, "दोनवर ठेवाल का? गार वाऱ्याने डोकं धरतं तिचं."

"लहानपणापासून पाचवर झोपते ती," हे दारातूनच म्हणाले. आवाजाला धार होती.

"हो, सांगते ती तसं. पण दोन वर्षं झाली, सायनसचा त्रास सुरू झाला तेव्हापासून नाही सोसत."

ह्यांनी पंखा दोनवर आणला. मग मला हाक मारली, "मालन, तिच्या चहात साखर जास्त घाल गं."

व्याह्यांना बोलायचं होतं आणि बोलवत नव्हतं, ते मला स्वयंपाकघरातून दिसत होतं. शेवटी म्हणाले, "तिने साखर सोडलीय. कोराच घेते. आणि सहदेवराव, तिला उठवताना हाक नका मारू. रात्री मशीनचा अलार्म वाजला की धावत यायची ना, त्यामुळे झोपेत दचकते. नुसता पडदा सरकवला तरी उठते."

हे दारात उभेच होते. मला वाटलं, आता फटकन काहीतरी बोलणार, आणि मग सहा वर्षांचं सगळं त्या आजारी माणसाच्या अंगावर पडणार. मी पदराला हात पुसत पुढे झाले. पण ह्यांनी तिच्या खोलीचं दार लोटून घेतलं, खिडकीतली खुर्ची उचलून आणली आणि व्याह्यांच्या उशाशी ठेवून बसले.

"आणखी काय बदललंय तिचं?" आवाज इतका खाली होता की मला जेमतेम ऐकू आला. "मला काहीच माहीत नाही हो. पहिल्यापासून सांगा."

श्यामकांतराव उशीवर जरा वर सरकले आणि सांगू लागले. मी गॅस बारीक केला आणि आवाज न करता दाराशी येऊन उभी राहिले. मलाही ऐकायचं होतं.