पंचमीला खोडायचं नाही

मनुबाई सातवीपर्यंत माझ्या हाताखाली शिकली. निबंधाचं पहिलं वाक्य लिहायची, पट्टी ठेवून खोडायची, मग दुसरं लिहायची. तास संपायचा, निबंध सुरूच व्हायचा नाही. उरायचं ते एखादं वाक्य मात्र चांगलं असायचं. पुढे शिराळ्याजवळच्या याच गावात तिचं लग्न झालं. नवरा लालासाहेब सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि ऊस बघू लागला. तिनं पन्नाशी ओलांडली, पण पट्टी सुटली नाही.

ती नागपंचमीच्या फेराची गाणी रचायची. फेरात बायका गोल धरतात. पुढे असते ती एक ओळ म्हणते, बाकीच्या ती उचलतात आणि तेवढ्या वेळात तिनं पुढची ओळ आणायची असते. मनुबाईच्या वहीत चाळीसेक गाणी होती आणि सगळी खोडलेली. लालासाहेब म्हणे, "सगळ्या वहीला पट्ट्या बांधल्यात बघ. आमच्या मिलिटरी दवाखान्यात बी एवढ्या नव्हत्या."

गेल्या वर्षी पंचमीच्या आधी गोदावरीबाईंच्या गळ्याचं मिरजेत ऑपरेशन झालं. तीस वर्षं फेराच्या पुढे त्याच असत. आता नुसती कुजबुज उरली होती. सणादिवशी पुरणाची दिंडं उकडून बायका देवळापुढे जमल्या, पण म्हणणार कोण? नव्यानं लग्न होऊन आलेली समीक्षा म्हणाली, "आक्का, स्पीकर लावू की. मोबाईलवर सगळी गाणी हायत."

एकदा स्पीकर लागला की फेर गेला, हे गोदावरीबाईंना कळत होतं. त्या मनुबाईकडे वळल्या. "मने, तू म्हण."

"माझं एक बी गाणं धड न्हाई, आक्का. पुढच्या वर्षापत्तुर एखादं नीट करते."

"सण आज हाय. आन् आज चिरायचं न्हाई, खणायचं न्हाई. खोडायचं बी न्हाई. आण ती वही हिकडं." वही घेऊन त्या सरळ तिच्यावर बसल्या.

बायका हसल्या. गोल फिरू लागला. मनुबाईनं ओळ घातली,

"भाऊ आला न्यायाला, उभा ऱ्हायला वाटेत."

वीस जणींनी ती उचलली. पुढची ओळ वहीत होती आणि वही गोदावरीबाईंखाली. पाय थांबवता येत नव्हते. तोंडाला आलं ते तिनं म्हटलं,

"काय करू गं बाई, पेट्रोल न्हाई टाकीत."

लगेच ती ओरडली, "न्हाई, न्हाई, ही सोडा!" पण ओळ गोलात गेली होती. हसत, टाळ्या देत बायकांनी ती दोनदा म्हटली.

"काकी, पुढं? सासू काय म्हणती?" समीक्षानं विचारलं. शेजारीच तिची सासू होती.

"सासू म्हणती बरं झालं, दिंडं भर ताटात."

सगळ्यात मोठ्यानं सासूच हसली. तासभर फेर चालला. स्पीकर पिशवीतच राहिला.

मागच्या महिन्यात मनुबाईनं वही मला दाखवायला आणली. नव्या पानावर ते गाणं आहे. पेट्रोलच्या ओळीखाली, तिच्या जागी बसवायला, तीन ओळी लिहिल्या आहेत. त्या तिन्ही पट्टी ठेवून खोडल्या आहेत. पेट्रोल तिथंच आहे.

ती निघाली तेव्हा समीक्षा वाटेत भेटली. "काकी, यंदा भावाच्या गाडीत पेट्रोल पडतंय का?"

"आत्ता काय ठावं? गोल फिरला की बघू," मनुबाई म्हणाली.